जादा प्रत

फुलझाडांमध्ये जनुकांची कुळं कशी वाढतात, हे मी कॉलेजात आयुष्यभर शिकवलं. पुस्तकात वाचायच्या आधी ते मी चिंचपोकळीच्या आमच्या खोलीत पाहिलं होतं. झाडाच्या पेशीत कधी एखाद्या जनुकाची चुकून दुसरी प्रत निघते, कधी तर सगळ्याच जनुकांची. मग एकाच कामाला दोघी होतात. एक राबते, दुसरी बसून असते. मुलं विचारायची, "मॅडम, बसलेलीचं काय होतं?" मी म्हणायची, बहुतेकदा कुजते. मुलं हसायची. मी हसत नसे.

आमच्या घरात राबणारी प्रत म्हणजे बाबा. कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कायम. काका त्यांचा धाकटा भाऊ, त्याच खात्यात बदली कामगार. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर घरी. आत कोणाला घ्यायचं ते जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ठरवी, आणि जॉबर बाबांचं ऐके. कायम माणसाने आपला भाऊ-भाचा चिकटवायचा, ही गिरणगावची रीतच होती. बाबांनी तिचा चाबूक केला. कालवणातलं माशाचं डोकं बाबांऐवजी काकाच्या ताटात गेलं, की दुसऱ्या दिवशी त्याला काम नाही. जॉबर गेटवरून ओरडे, "आज भरती झाली. उद्या बघू, चल." काका न उघडलेला डबा घेऊन परत येई. संध्याकाळी बाबा तोच डबा त्याला आपल्यापुढे उघडायला लावत आणि विचारत, "थंड जेवाण गोड लागता ना रे?" आई मान खाली घालून भाकऱ्या थापत राही. मला दोघांचाही राग यायचा. बाबांचा, छळतात म्हणून, आणि काकाचा, गिळतो म्हणून.

मग संप झाला. साचे थांबले तशी कायम आणि बदली ही भानगडच उरली नाही. बाबा म्हणत, "गिरणी आज ना उद्या सुरू होतली. माका सोडून साचो कोण चलवतलो?" आणि ते खरंच वाट बघत बसले. ज्या जनुकावर भार असतो त्याला बदलायची मुभा नसते; ते बिघडलं तर झाडच मरायचं. बसलेल्या प्रतीला मात्र बिघडायची पूर्ण मोकळीक. तिच्यात चुका साठत जातात, आणि क्वचित त्या चुकांतूनच नवं काम निघतं. फुलांचे रंग, वास, यातलं बरंचसं असल्या रिकामटेकड्या प्रतींनी केलेलं आहे.

काका दादरच्या फूलबाजारात जाऊन बसला. साच्यावर तुटलेला धागा न बघता सांधणारी बोटं ती; हार भराभर व्हायला लागले. एकदा बाबांनी गॅलरीत, सगळ्या चाळीसमोर, त्याच्या हातातली परडी लाथाडली. "बायलांची कामां करतंस? लाज नाय वाटत तुका?" काकाने एकेक शेवंती वेचून घेतली आणि त्याच दिवशी तो घोडपदेवला राहायला गेला. पुढे त्याचा गाळा झाला, हाताखाली माणसं आली.

गिरणी सुरू झालीच नाही. झाडाला एखाद्या कामाची गरजच उरली नाही, की मूळ जनुकही कुजतं. वर्गात हे मी कोरडेपणाने सांगे. घरी ते खोकत होतं, दाराशी बसून जिन्यावरच्या माणसांना शिव्या देत होतं.

शेवटी आईने बाबांना काकाकडे धाडलं. "भाव असा तुमचो. नाय म्हणाचो नाय." सोबत मी होते. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, हातात डबा घेऊन गाळ्यापुढे उभे राहिले.

"हार ओवतंय. बोटां अजून चलतत," ते म्हणाले.

काकाने वर पाहिलं. तेच नाक, तीच हनुवटी.

"आज भरती झाली," तो म्हणाला. "उद्या बघू, चल."

बाबा दुसऱ्या दिवशी गेले. मग रोजच जाऊ लागले. काकाने कधी नाही म्हटलं नाही, रोज फक्त 'उद्या' म्हटलं. बाबा घरी येऊन डबा उघडत आणि गार भात खात. मला वाईट वाटायला हवं होतं. आधी बरं वाटलं, मग खूप दिवसांनी वाईट.

एकदा मी एकटीच गेले आणि काकाला म्हटलं, "एक दिवस तरी आत घे त्यांना. सख्खा भाऊ आहे तुझा."

त्याने गाठ मारली, दातांनी दोरा तोडला.

"भाव असा," तो म्हणाला. "म्हणान तर उभो रवाक देतंय."