हनुवटी टेका, हलू नका

केसगळतीवरच्या नव्या औषधाची जिथे चाचणी चालते, तिथे फोटोबाई माणसांच्या टाळूचे फोटो काढत. फक्त टाळूचे. माणसाने चौकटीत हनुवटी टेकून मान खाली घालायची आणि डोक्यावर गोंदलेल्या बारीक निळ्या ठिपक्यावर बाईंनी कॅमेरा लावायचा. दर वेळी तीच जागा, म्हणजे केस वाढले की नुसती आशा वाढली ते कळतं. कुणाला औषध मिळतंय आणि कुणाला बिनऔषधी पाणी, हे बाईंनाही ठाऊक नसे.

बाईंच्या तोंडावर मास्क, समोरच्याची मान खाली. चेहरा लक्षात राहील तर शपथ. बाजारात कुणी ओळखीचं हसलं की बाई गोंधळत. तोच पाठमोरा झाला की लगेच ओळख पटे. पण हाक मारायची सोय नव्हती. चाचणीत कोण आहे हे बाहेर फुटलं की नोकरी गेलीच म्हणून समजा.

त्यातला एक पोरगा भारी गोड. दर वेळी चौकटीतूनच विचारायचा, "बाई, आलेत का?" बाईंचं ठरलेलं उत्तर, सांगता येत नाही. म्हणताना जीव तुटायचा हो त्यांचा.

पुढे लेकीने ऑफिसातला एकजण पसंत असल्याचं जाहीर केलं आणि त्याला घरी जेवायला बोलावलं. आला. नीटनेटका, हसरा, बाजूचे केस टाळूवर असे चोपून बसवलेले की वादळात हलू नयेत. बाईंना बघताक्षणी आवडला. जेवताना त्याचा चमचा खाली पडला, तो उचलायला वाकला, आणि त्या सगळ्या बंदोबस्तातून निळा ठिपका बाईंकडे बघू लागला. अगंबाई, हा तर आपला 'आलेत का'वाला!

आता तोंड उघडायचं नाही, एवढंच तर करायचं होतं. पण इतक्या वर्षांची सवय, मेली आडवी आली.

"हनुवटी टेका. हलू नका."

आणि पोरगा हलला नाही. हनुवटी टेबलाच्या कडेवर, मान खाली, हातात चमचा, कान लालबुंद. त्या शब्दांवरून त्याने बाईंना बरोबर ओळखलं. लेक एकदा आईकडे बघे, एकदा त्याच्याकडे. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोकरी गेली चुलीत, पण बिचाऱ्याने एवढ्या निगुतीने झाकलेलं आपण लेकीसमोर उघडं पाडलं. आता हा या घरात परत कशाला पाऊल टाकतोय, या विचाराने त्यांना रडूच कोसळायचं बाकी होतं.

शेवटी तो तसाच, ताटाशी बोलल्यासारखा म्हणाला, "बाई, आता तरी सांगा. आलेत का?"



"नाही आलेत," लेक म्हणाली. "तुझ्या मागच्याच टेबलावर बसते ना मी. तोंड नंतर बघितलं तुझं, आधी टाळूच आवडली. आता मान वर कर, जेवण गार होतंय."

त्याने मान वर केली. दुसऱ्या दिवशी बाईंनी आपल्या साहेबांना सांगून टाकलं, की या एका टाळूचे फोटो यापुढे दुसऱ्या कुणीतरी काढावेत, ती आता घरची झाली.