स्वतःच्या जागेची जाहिरात

ऑफिसात त्याला सगळे दुरुस्तीराव म्हणत. परदेशातून आलेला हा सॉफ्टवेअर इंजिनीअर दुसऱ्याची चूक दिसली की ती सुधारायला ताटावरून उठायचा. त्याला कायम राहण्याचा परवाना हवा होता. त्यासाठी कंपनीने आधी त्याच्याच जागेची जाहिरात द्यायची आणि लायक स्थानिक माणूस मिळाला नाही हे दाखवायचं, असा नियम होता.

कंपनीच्या वकीलबाईंनी रुक्ष जाहिरात लिहिली आणि केवळ माहितीसाठी त्याला पाठवली. त्याला राहवलं नाही. त्याने वाक्यं सुटसुटीत केली, कॅन्टीनच्या कॉफीचं कौतुक घातलं आणि परस्पर प्रसिद्ध करून टाकली.

आठवड्यात अर्जांचा ढीग लागला. तिघे स्थानिक तर त्याच्याहून सरस निघाले.

"अरे, स्वतःची खुर्ची इतकी सजवून कुणी दुसऱ्याला देतं का?" बायको म्हणाली.

"पण पहिलं वाक्य पाच ओळींचं होतं गं!"

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "हा मार्ग बंद. आता असामान्य गुणवत्तेचा परवाना मागू. त्याला जाहिरात लागत नाही."

"माझ्यात असामान्य काय आहे?"

"स्वतःच्या पायावर इतक्या सफाईने धोंडा मारणारा मी दुसरा पाहिला नाही. आणि या अर्जाला तुम्ही हात लावायचा नाही."

"बरं," दुरुस्तीराव म्हणाला. "नुसता वाचू का?"