शिंक्यातली रानहळद

ही गोष्ट मी आजवर कुणाच्या कानावर घातलेली नाही — परवापर्यंत बायकोच्या, सुनंदाच्याही नाही. तुम्हाला सांगतो, पण हसलात तर मधेच थांबेन. बरं, हसा.

डिंडोलीतल्या आमच्या गॅलरीत साड्यांच्या किनारी विणून केलेलं एक शिंकं टांगलेलं असतं. त्यात कुंडी. कुंडीत रानहळद — सुनंदाच्या आईनं सातपुड्याच्या पायथ्याशी स्वतः खणून दिलेली. श्रावणात तिला गुलाबी तुरा यायचा. तिची आई गेली त्या वर्षी सुनंदा दिवाळीपासून महिनाभर माहेरी राहिली, आणि झाड माझ्या ताब्यात आलं. माझ्या! ज्याच्या हातून निवडुंगसुद्धा बुडून मेलाय.

पानं पिवळी पडली. मी पाणी वाढवलं. पानं वाळली. मी आणखी वाढवलं. शेवटी घाबरून कुंडी बिल्डिंगच्या टाकीमागे उपडी केली, तीत नवी माती भरली आणि एक थाप तयार ठेवली. तिची गरजच पडली नाही. सुनंदा आली, उघडी माती बघून म्हणाली, "झोपली वाटतं. ज्येष्ठात उठेल."

झोपली? झाडं झोपतात, हे मला कुणी सांगायचं? टाकीमागे धावलो, तर तिथं कुणीतरी फुटक्या विटांचा ढीग ओतलेला. मग काय — भाजीवालीकडून ओली हळद आणली आणि गुपचूप तीच पुरली.

पानं आली, अगदी तशीच. तुरा नाही. तीन श्रावण सुनंदा शिंक्याखाली उभी राहून वर बघायची. तिसऱ्या वर्षी म्हणाली, "आईच्या हातचं होतं. माझाच हात वाईट." आणि मी — इथवर यायला एवढा वळसा घेतला ना? — मी मान डोलावली. वर, सुटलो असंही वाटलं.

परवा त्या विटांच्या फटीतून गुलाबी तुरा दिसला. उलथन्यानं कंदासकट खणून वर आणला, सगळं सांगून टाकलं. सुनंदा पोट धरून हसली. मग थांबली.

"अहो, फेकलीत ते जाऊ द्या. मान कशाला डोलावलीत?"

डोलावली खरी.

तिनं शिंकं उतरवलं, बाजारची हळद काढली, आईची लावली. आज बाजूनं एक नवा कोंब निघालाय. दिवाळीनंतर पानं वाळतील. मी हात लावणार नाही.