चंदेरी लॅपटॉपचा इसार

तर त्या जतच्या माणसाची मी रुमालाखाली तीन बोटं दाबली, इथपर्यंत काल सांगून झालं होतं. ज्यांनी औंधचा बैलबाजार बघितला नाही, त्यांना रुमालाचं कळायचं नाही, म्हणून पुन्हा सांगतो. तिथं भाव तोंडानं बोलायचा नसतो. मालकाच्या हातावर रुमाल टाकायचा आणि खालून त्याची बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक हजार. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. तीन बोटांवर ठरलं. मी शंभराची नोट इसार म्हणून त्याच्या हातावर ठेवली आणि चार पावलं पुढं गेलो, तर काय! दुसरा खोंड. छाती रुंद, चाल मोकळी, आणि अडीच हजारांना. बरोबरची माणसं म्हणाली, "नाथाजी, शंभर गेलं तर जाऊ दे, ह्यो घे." मी म्हणालो, "इसार दिला म्हंजे दिला." जतचाच बैल घरी आणला. तो पहिल्याच दिवशी सरीत मधोमध बसला. शेपटी पिळा, गोंजारा, उठायचा नाही. अकरा वर्षं सांभाळला त्याला. आजही गावात कुणाचा व्यवहार अडला, की म्हणतात, नाथाजीला मधे घ्या, त्याचा शब्द फिरत नाही.

आज सांगायचंय ते आमच्या अंकिताचं. माझा मुलगा उदयसिंह मिलिटरीत, सध्या राजस्थानात. घरी मी, सून रेश्मा आणि ही त्याची मुलगी.

अंकिता आठ वर्षांची असताना तिला खांद्यावर घेऊन याच बाजारात गेलो होतो. एका बैलाचे मी दात बघतोय, मालक त्याचं कौतुक गातोय, आणि वरनं ही ओरडली, "आबा, ह्याच्या शिंगांना रंग लावलाय! खाली चिरा हाईत! म्हातारा हाय त्यो!" सगळा बाजार हसला. मालकानं रुमाल झटकला आणि निघून गेला. घरापर्यंत मी हसत आलो. पुढं वर्षभर भेटेल त्याला हे सांगितलं. अशी पोर. डोळ्यांनी बघायची आणि तोंडानं बोलायची.

दहावीला तिला चौऱ्याण्णव टक्के पडले. निकालाच्या तिसऱ्या दिवशी मी एकटाच सांगलीला गेलो, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करून घेणारा एक क्लास बघितला, तिथं पैसे भरून जागा धरून ठेवली आणि येताना दोन किलो पेढे घेऊन आलो. पारावरच वाटले. "आमची अंकिता डॉक्टर हुणार," म्हणून सांगितलं. अंकिता घरात भाकरी थापत होती. तिला पावती दाखवली. तिनं पिठाचे हात तसेच ठेवून ती वाचली आणि म्हणाली, "चालंल, आबा."

दोन वर्षं ती सांगलीत हॉस्टेलवर राहिली. मार्क कमी पडले. आणखी एक वर्ष बसली. पुन्हा कमी पडले. दुसरा निकाल लागला त्या दिवशी ती रडेल म्हणून रेश्मा दारातच उभी राहिली होती. अंकितानं मोबाइल उलटा ठेवला, आपलं ताट घासून पालथं घातलं आणि विचारलं, "म्हशीला पाणी दावलं का?" बस्स. तेवढंच.

तेव्हापासून तिच्या तोंडात एकच शब्द. भात का भाकरी? चालंल. हा ड्रेस का तो? चालंल. एकदा मी मुद्दाम तिच्या चहात साखर टाकली नाही. कप रिकामा करून तिनं विसळून ठेवला. मग सांगलीच्याच एका कॉलेजात संगणकाच्या पदवीचा प्रवेश झाला. फॉर्म तिनंच भरला होता, कुणाला न विचारता. ते का, हेही आम्ही कुणी विचारलं नाही. रेश्मा मला चुलीपुढं म्हणाली, "आवं आबा, पोरगी जेवती, झोपती, समदं करती. पर घरात न्हाई ती."

मी म्हटलं, काहीतरी नवं हातात आलं की येईल घरात. कॉलेजनं कागद दिला होता, लॅपटॉप पाहिजे. उदयसिंहानं फोनवर सांगितलं, "आबा, पस्तीस-छत्तीसपर्यंत बघा. एकदा घेतला की तीन वरसं तोच वापरायचा, फुडं माझ्याच्यानं हुणार न्हाई." आता बाजारातली वस्तू पारखायची म्हणजे माझंच काम! सातवी पास माणूस मी, पण पन्नास वर्षं जनावरं घेतली-विकली. धोतराला इस्त्री करून घेतली. तासगावमार्गे सांगलीची एस.टी. धरली. अंकिता खिडकीत बसली होती. विट्याच्या पुढं ऊन थेट तिच्या तोंडावर आलं. मान वळवायची, ओढणी पुढं घ्यायची, काही नाही. मी माझा टॉवेल धरून बसलो, हात भरून येईपर्यंत.

दुकानदार अवधूत नावाचा तिशीतला माणूस, बोलायला गोड. त्यानं दोन मशिनी पुढं ठेवल्या. एक कोरी, चंदेरी, पडदा हा एवढा, वर बॅग आणि माऊस फुकट. छत्तीस हजार. दुसरी काळी, कुठल्याशा कंपनीत दोन-तीन वर्षं राबून आलेली, कोपरे घासलेले. एकोणतीस हजार.

मी आधी दोन्ही उचलून वजन बघितलं. मग झाकणं उघडली, मिटली, उघडली, मिटली.

"काका, काय बघताय?" अवधूत म्हणाला.

"दात."

तो हसत सुटला. मी म्हणालो, "हसू नगंस गड्या. बैल घ्यायचा तर आदी जुंपून बघायचा. पोरीला खुर्ची दे. दोनीबी जुंपून बघू दे."

चांगला माणूस, दिली खुर्ची. अंकिता अर्धा तास बसली. तोवर मी अवधूतला त्या जतच्या बैलाची सगळी हकिगत सांगितली, गिऱ्हाइकं आली-गेली तरी सांगितली. एक डोळा पोरीकडं होताच. काळ्या मशिनीवर तिची बोटं टकटक चालली होती. चंदेरीपुढं ती एक बटण दाबायची आणि हात मांडीवर ठेवून बसायची. मग पुन्हा एक बटण, पुन्हा हात मांडीवर. मी मनात म्हटलं, ही चंदेरी शांत आहे, पोरीला निवांत बसवते. काळी धावपळ करायला लावते. बघा माझी पारख!

"कुठली घ्यायची, अंकिता?"

"कुठलीबी चालंल, आबा."

माझ्या नातीनं कुणाची वापरलेली मशीन का वापरावी? मी अवधूतच्या हातावर रुमाल टाकला.

"हे काय काका?"

"हात हलवू नगंस," म्हणून मी खालून त्याची बोटं दाबली. त्याला काही उमगेना. "काका, गुदगुल्या होतायत! आकडा तोंडानं सांगा ना!" शेवटी तोंडानंच पाचशे कमी करून घेतले. खिशातले दोन हजार इसार म्हणून दिले. बाकीचे उदयसिंह दुपारपर्यंत पाठवणार होता. मशीन बाजूला काढून ठेवायला सांगितलं आणि आम्ही बाहेर पडलो.

स्टँडवर बाकड्यावर बसून भडंग घेतलं. मी खुशीत होतो. खुशीत आलो की बैलाची गोष्ट आपोआप निघते. अंकितानं ती शंभरदा तरी ऐकली असेल. मी सरीपर्यंत आलो, बैल बसला, शेपटी पिळली. नेहमी इथं माणसं हसतात.

अंकिता भडंगमधले शेंगदाणे वेगळे करत होती. वर न बघताच म्हणाली, "आबा, त्यो बसला की तुमाला काय वाटायचं?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "काय वाटायचं? काय न्हाई." मग खरं ते सांगितलं. तो दुसरा खोंड आमच्याच शिवारातल्या आकारामानं घेतला होता. आमचा बैल बसला, की बांधापलीकडं तो चालताना दिसायचा. "मी तिकडं पाठ करून हुबा ऱ्हायचो," मी म्हणालो. "अकरा वरसं."

तिनं शेंगदाणे पुडीत परत टाकले.

"आबा, ती चंदेरी नगं."

मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं ऐकलं. "काय?"

"आतनं दमानं चालती ती. बटण दाबलं की वाट बघाय लागती. ताकद वाढवून मिळती का, अवधूतदादास्नी इचारलं मी. न्हाई म्हणाले. काळीची वाढवता येती." तिचा आवाज वर गेला नाही की खाली आला नाही. "तीन वरसं तिच्याफुडं बसायचं मला."

"मग दुकानात का बोलली न्हाईस?"

"तुमी रुमाल काढला."

मी बाकड्यावर बसून राहिलो. तासगावची गाडी लागली, सुटली. चौऱ्याहत्तर वर्षांचा मी. इसार मोडायचा म्हणजे कसा, त्याला तोंडानं काय म्हणायचं, हेच मला ठाऊक नव्हतं. शेवटी उठलो आणि दुकानाकडं वळलो. अंकिता मागून आली. हात धरला नाही, पण माझ्या चालीनं चालली.

दुकानाच्या पायरीवर मी वाक्य मनात जुळवलं. आत जाऊन म्हणालो, "अवधूत, आमची पोर काळी घ्यायची म्हणती. माझा शब्द फिरतोय. इसार ठेव तुझ्याकडं, त्यो गेला."

अवधूत फोनवर बोलत होता. तसाच फोन कानाला धरून त्यानं चंदेरी आत ठेवली, काळी बाहेर काढली. "गेला कशाला काका? दोन हजार यातच धरतो की. आणि हीच चांगली, मी म्हणणार होतो, पण तुम्ही बैलाचं सांगत होता." आणि पुन्हा फोनवर बोलायला लागला.

झालं. पन्नास वर्षं ज्याला जपलं, ते मोडायला अर्धं मिनिट लागलं. कुणी मान वर करूनही बघितलं नाही. रस्त्यानं रिक्षा जात होत्या. मला वाटलं होतं, छातीत काहीतरी होईल. काही झालं नाही.

दुपारी उदयसिंहाचे पैसे आले. काळी मशीन घेऊन आम्ही एस.टी.त बसलो. फुकटची बॅग तिला नव्हती, म्हणून अंकितानं मशीन माझ्या टॉवेलात गुंडाळली आणि मांडीवर धरली. तासगाव गेलं. ऊन यावेळी माझ्या बाजूला होतं. मी तिरक्या नजरेनं तिच्याकडं बघत होतो. चेहरा सकाळचाच. हसू नाही, रडू नाही. फक्त गाडी खड्ड्यात आपटली, की तिचे दोन्ही हात टॉवेलावर घट्ट व्हायचे.

एक गोष्ट मला केव्हाची विचारायची होती. विट्याच्या अलीकडं मी ती विचारली.

"अंकिता, आज बोललीस तशी त्या वक्ताला का बोलली न्हाईस गं? डॉक्टरकीच्या क्लासाच्या वक्ताला? नगं म्हणायचंस की."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, आता 'चालंल' म्हणेल. मग तिनं मान वळवली आणि म्हणाली,

"तवा तुमी इसार देऊनच घरी आला हुता, आबा. पेढंपण आणलं हुतं."