पुलाच्या चढावर

हॅन्डब्रेक धरत नाही हे मला माहीत होतं. ही गोष्ट नव्वदच्या आसपासची; तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. बोदवडकडच्या आमच्या गावात ट्रॅक्टर चालवायचो. ट्रकचं लायसन्स काढायला म्हणून धुळ्याला आलो आणि एका जुन्या ड्रायव्हरच्या घरी राहून शिकलो. ते मूळचे शिरपूरकडचे. सगळे त्यांना नाना म्हणत.

परीक्षेसाठी नानांनी मालकाकडून एक दिवसापुरता ट्रक मागून आणला. सकाळी मी हॅन्डब्रेकचा लिव्हर ओढून पाहिला, तर तो सैल वर आला.

"नाना, हा तर लागतच नाही."

"ढिला शे थोडा. पन तू घाबरू नको. साहेब मैदानमाच फिरावतस."

दुसरा ट्रक मिळणार नव्हता. मी तोच घेऊन मैदानावर गेलो.

मैदानात मी आठचा आकडा काढला, गाडी मागे घेतली. नाना कुंपणापाशी उभे होते. शेजारी बसलेले, परीक्षा घेणारे आरटीओचे साहेब म्हणाले, "आता रस्त्यावर घे." मी ट्रक मैदानाबाहेर काढला. शहराबाहेरच्या पुलाचा चढ लागला आणि अर्ध्यावर ते म्हणाले, "थांबव. आता पुन्हा उचल. गाडी मागे सरकता कामा नये."

मी पायाचा ब्रेक दाबून उभा राहिलो. आरशात पाहिलं, तर मागे एसटी येऊन थांबलेली, माणसांनी गच्च भरलेली. तिच्यामागे बैलगाड्या. एसटीला मागे सरकायलाही जागा नव्हती.

ब्रेकवरचा पाय उचलून ॲक्सिलेटरवर नेला, तेवढ्यात ट्रक हातभर मागे आला. मी घाबरून ब्रेक दाबला आणि इंजिन बंद पडलं. एसटीचा हॉर्न वाजू लागला. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये अडकवली, पण सुरू करायची तर क्लच दाबणं आलंच. क्लच दाबला की सगळा भार ब्रेकवर. ब्रेक हवेचा, आणि इंजिन बंद असताना हवा भरत नाही. दर वेळी ब्रेक दाबला की मीटरचा काटा खाली येत होता. दोनदा स्टार्टर मारला. इंजिन घेईना.

"हॅन्डब्रेक ओढ ना!" साहेब ओरडले.

"साहेब, तो धरत नाही."

मग माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, तुम्ही खाली उतरा. मागच्या चाकाला दगड लावा. मला पाय काढता येणार नाही."

साहेबाला असं कुणी सांगत नाही. पण ते उतरले. आरशात मला त्यांचा पांढरा शर्ट दिसत होता. पुलाच्या कडेचा मोठा दगड त्यांनी दोन्ही हातांनी ओढत आणला. एसटीचा ड्रायव्हरही उतरून धावला. दोघांनी दगड चाकाखाली सारला आणि साहेबांनी ट्रकच्या मागच्या फाळक्यावर थाप मारली. मी स्टार्टर मारला. इंजिन खोकलं आणि लागलं. काटा वर येईपर्यंत थांबलो, मग क्लच हळूहळू सोडला. ट्रक पुढे निघाला.

चढ संपल्यावर मी गाडी बाजूला घेतली. साहेब चालत वर आले. शर्टाला माती लागली होती.

"हॅन्डब्रेक खराब आहे हे तुला आधी माहीत होतं?"

नाही म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण त्या एसटीतली माणसं अजून डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

"हो साहेब. सकाळीच पाहिलं होतं."

"मग ट्रक मैदानाबाहेर काढलाच कसा?"

त्यांनी मला नापास केलं. मैदानावर परत गेल्यावर नानांना सगळ्यांसमोर झापलं. नाना मान खाली घालून ऐकत होते. इतक्या वयाच्या माणसाला माझ्यामुळे ऐकून घ्यावं लागत होतं आणि मला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी ट्रक मालकाला परत केला. दुसऱ्या दिवशी मात्र मला घेऊन मालकाकडे गेले, पोतं अंथरून त्याच ट्रकखाली शिरले आणि दुपारपर्यंत हॅन्डब्रेकचं काम करत राहिले. मी पाने-पक्कड देत होतो.

महिन्याने तोच ट्रक मागून आणला, पुन्हा तेच साहेब आले. पुन्हा त्याच चढावर थांबवलं. या वेळी ट्रक जागचा हलला नाही. साहेब फक्त "चल" म्हणाले.

लायसन्स हातात आलं तेव्हा नानांनी ते लांब धरून बराच वेळ निरखलं.

"फोटोमा तू घाबरेल दिखस," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले.