हवेत बसलेला राखणदार

आमच्या ऑफिसातल्या ताई नसत्या, तर मी आज परभणीकडं, आमच्या गावात परत असतो. ताई इथल्याच, आचरा गावच्या, आर्किटेक्ट सरांकडं नकाशे काढतात. मी नववीतून शाळा सोडलेला, झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटर शिकलो तेवढाच. सरांनी कणकवलीत ठेवून घेतलं, पण अटीवर. पहिलं घर मालकाला पसंत पडलं तर राहा, नाहीतर गाडी पकड.

पहिलं घर नेमकं डोंगरउतारावरचं. आमच्याकडं जमीन ताटासारखी. उतार मी इथं येऊन पाहिला, तोही घसरून. म्हणून कॉम्प्युटरवर आधी मनासारखं करून घेतलं. एका क्लिकमध्ये सगळी जागा सपाट, आणि वर झकास घर.

मालक आले. काजूची बाग असलेले आजोबा. मी स्क्रीनवर घर चहूबाजूंनी फिरवून दाखवलं, पण त्यांचं लक्ष घराकडं नव्हतंच. ते राखणदाराचा दगड शोधत होते. जागा सांभाळणारा देव तो, दरवर्षी त्याला नारळ द्यावा लागतो. दगड सापडला. मोजणीतली त्याची उंची मी इमानदारीनं तशीच ठेवली होती, खालचा डोंगर तेवढा पुसून टाकला होता. देव छपराच्याही वर, हवेत.

आजोबांनी आधी चपला काढून स्क्रीनला हात जोडले. मग माझ्याकडं वळले.

"नारळ फोडूक शिडी लावची काय रे?"

माझ्या डोळ्यांपुढं परभणीची गाडी. ताईंनी खुर्ची पुढं ओढली आणि शांतपणे सांगितलं, नकाशा कच्चा आहे, डोंगर घालायचा राहिलाय, उद्या या.

जेवताना ताईंनी डब्यातली घावनं, म्हणजे तांदळाची जाळीदार धिरडी, एकावर एक थोडी मागं सरकवून रचली. हा उतार, प्रत्येक कड म्हणजे एक उंची, असं त्या सांगत होत्या. भुकेच्या भरात मी वरचं उचलून खाल्लं.

"ह्याच केलंस तू," ताई म्हणाल्या.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. दुपारभर त्या शेजारी बसल्या, मी डोंगर परत रचला, आणि घर तीन टप्प्यांत खाली उतरवलं. देव आपल्या जागी, जमिनीवर. दुसऱ्या दिवशी आजोबांनी तो डोळे भरून पाहिला, गाऱ्हाणं घातलं, म्हणजे घर सांभाळ अशी त्याला विनवणी केली, आणि माझ्याच टेबलाच्या कडेवर नारळ फोडला. ताईंनी कीबोर्ड वेळेत उचलला. सर आतून आले, पाण्याकडं बघितलं, म्हणाले टेबल पूस आणि कामाला लाग. म्हणजे राहिलो.

ताईंची आचऱ्याला चढावर थोडी जागा आहे. तिथं त्या घर बांधतील तेव्हा नकाशा मीच काढणार, डोंगराला धक्का न लावता. आणि नकाशा पुरा होईपर्यंत त्यांच्या डब्यातलं वरचं घावन उचलणार नाही.