रिकाम्या प्लॉटवरचा वाफा

आमच्या वाफ्यात कचरा कुजायच्या आधीच किस्से साचले. नवीन जालन्यात आमच्या घराशेजारी माझ्या दिरांचा प्लॉट रिकामा पडला होता. बियाण्याच्या कंपनीतून रिटायर झालेले शेजारचे उत्तमराव एक दिवस म्हणाले, "वहिनी, इथं खोदायचं काम न्हाई. खाली पुठ्ठे, वर पाला, वर शेण, पुन्हा पाला. आतल्या आत तापून बराबर माती होती." मीही बँकेतून आले की रोज हात काळे करून घेऊ लागले.

*

पुठ्ठ्यांसाठी आम्ही गल्लीभर फिरलो. समोरच्या जोशीकाकांच्या ओट्यावर ढीग दिसला, तोही उचलला. पाणी मारून अंथरला, वर शेणाचा थर दिला.

थोड्या वेळानं काका शोधत आले. गणपतीसाठी त्या पुठ्ठ्यांचं मखर कापून ठेवलं होतं, जोडायचं तेवढं राहिलं होतं. त्यांनी वाकून शेणाखालचा एक तुकडा ओढून बघितला. उत्तमरावांनी मान खाली घातली.

"असू द्या," काका म्हणाले. "यंदा आरती इथंच येऊन करीन."

दुसऱ्या दिवसापासून तेही आमच्यात सामील झाले.

*

एकदा शेण संपलं. उत्तमरावांची बहीण राजूरला, गणपतीच्या गावी दिलेली. तिच्या गोठ्यामागचं वाळलेलं शेणखत ते पिशवीत बांधून बसनं घेऊन येत होते. पिशवी मांडीवर, वर टॉवेल.

शेजारच्या सीटवरच्या आजींनी विचारलं, "राजूरहून आलाव? गणपतीचा परसाद हाय का?"

भरल्या बसमध्ये शेण कसं म्हणायचं? उत्तमराव "हो" म्हणून बसले. आजींनी पिशवीला हात लावून कपाळाला लावला आणि पदर पसरला. "चिमूटभर द्या मंग."

उत्तमरावांनी पिशवीची गाठ मुठीत धरली. "आजी, ह्यो झाडाला घालायचा परसाद हाय."

"मंग दोन मुठी द्या. माझी तुळस सुकून राह्यली."

दिल्या.

*

हिवाळ्यात एका सकाळी वाफ्यापाशी पोलीस. एक साहेब, एक शिपाई. गल्लीतून कुणीतरी फोन केलेला: उत्तमरावांची म्हातारी आई बऱ्याच दिवसांत दिसली नाही, आणि प्लॉटवर माणसाच्या लांबीचा मातीचा उंचवटा आहे, वर झेंडूची फुलं. फुलं दिवाळीच्या तोरणांची होती, कुजायला टाकलेली.

"आई कुठंय?" साहेबांनी उत्तमरावांना विचारलं.

"गावाला गेली साहेब. हरभरा बघायला."

"फोन लावा."

फोन नुसताच वाजत राहिला. शेतात जाताना आई मोबाईल घरीच ठेवायच्या. उत्तमराव पुन्हा पुन्हा लावत होते. जोशीकाका मदतीला धावले, "साहेब, ह्यात थर असतात. सगळ्यात खाली..."

साहेबांनी त्यांना हातानंच गप्प केलं. "हात घालून बघ रे."

शिपायानं बाही वर सारली आणि ओल्या पाल्यात कोपरापर्यंत हात घातला. थंडीत आतून वाफ निघाली. त्यानं हात चटकन बाहेर ओढला, साहेबांकडं बघितलं, आणि हळूच म्हणाला,

"साहेब, आजून गरम हाय."